साडूंचा सर्व्हर

आमच्या साडूंसारखा माणूस पालम तालुक्यातच काय, गोदावरीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही. पालमच्या बाजारपेठेत त्यांचं पाइप आणि मोटारींचं दुकान आहे. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग, आणि बोलणं इतकं हळू की गिऱ्हाइकाला काउंटरवर वाकून ऐकावं लागतं. अशा या अबोल माणसानं स्वतः शिकून गावाला एकमेकांशी बोलता यावं म्हणून मोबाइलवरचं एक ॲप तयार केलं. त्यात फोटो टाकायचे, आवाजात निरोप ठेवायचा, लग्नाबारशाचं कळवायचं. जगात अशी ॲप्स पुष्कळ असताना हे आणखी कशाला, असं मी विचारलं, तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "तिथं सगळं जग हाय. आपलं माणूस हुडकायला लय येळ जातो."

सुरुवातीला हा सगळा कारभार दुकानातल्या एका संगणकावर चाले. वीज गेली की ॲप बंद, आणि वीज तर रोजचीच जाणारी. एका बारशाचे फोटो असेच अडकले आणि लोक तक्रार घेऊन दुकानात आले, तेव्हा साडूंनी प्रत्येकाची हात जोडून माफी मागितली आणि क्लाउड सर्व्हर घेतला. ढगात फोटो कसे राहतात, असं कुणी विचारलं की ते सांगत, ढगबिग काही नाही, मुंबईकडं एका मोठ्या इमारतीत कधी बंद न पडणारे संगणक आहेत, त्यातली एक खोली आपण भाड्यानं घेतली आहे असं समजा. त्या दिवसापासून ते सर्व्हरबद्दल लांब नांदायला गेलेल्या लेकीसारखं बोलू लागले. यात्रेच्या आठवड्यात फोटोंचा पूर येई, म्हणून आधीच सर्व्हरची ताकद वाढवून घेत आणि घरात सांगत, "पाव्हणे येणार, दोन खोल्या जास्त घेतल्यात." एकदा तर ती इमारत बघायला ते रेल्वेनं मुंबईला गेले. पहारेकऱ्यानं आत सोडलं नाही. मग रस्त्याच्या पलीकडून इमारतीला नमस्कार केला, तिला खिडक्याच नाहीत याची थोडी काळजी केली, आणि परत आले.

पुढं लोकांना मोठ्या ॲप्सची गोडी लागली. साडूंच्या ॲपवर शुकशुकाट झाला. शेवटी सर्व्हर बंद करायचं त्यांनी ठरवलं, पण लोकांच्या वस्तू न विचारता पुसायच्या कशा? म्हणून ते घरोघर परवानगी मागत फिरले. बहुतेकांनी हसून, खुशाल पुसा अण्णा, असं सांगितलं. पालमच्या एक बाई नवरा वारल्यावर परभणीजवळच्या झरीला लेकीकडं राहायला आल्या होत्या. मी परभणीत असतो, म्हणून त्यांच्याकडं जाताना साडूंनी मला सोबत घेतलं. ॲपवर त्यांच्या नवऱ्याचा एकच निरोप होता. गंगाखेडहून एसटी चुकली, उशीर होईल, तू जेवून घे, एवढाच. तो तुमच्या मोबाइलमध्ये टाकून देतो, असं साडू म्हणाले. बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"माझ्याजवळ नगं, अण्णा," त्या म्हणाल्या. "दिवसभर ऐकत बसंन. तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. हाय म्हणलं की झालं."

सर्व्हर बंद झाला नाही. दर सोमवारी पूजा आटोपली की ते निरोप जागेवर आहे एवढं बघत आणि बाईंना फोन लावत. हे म्हणत, "हाय." त्या म्हणत, "बरं." एवढंच बोलणं.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. आता तरी साडू सर्व्हर बंद करतील, या हिशेबानं मी पालमला गेलो आणि तसं विचारलंही. त्यांनी आपला मोबाइल रुमालानं पुसून माझ्या हातात दिला. "आमच्या मेव्हणीसाठी तुमी बी कायतरी बोलून ठेवा," ते म्हणाले.

मी मोबाइल तोंडाजवळ धरला. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोशी जे बोलायचं राहून गेलं होतं, ते सगळं आठवलं. अखेर मी म्हणालो, की मी पालमहून निघतोय, येताना भाजी आणतो.

ते अजून तिथं आहे. बायकोला मी सांगितलेलं नाही.