रानवांगीच्या मुळावर

मागच्या श्रावणात रजा काढून गावी गेले होते, तेव्हा एका रविवारी मी बाबांना अक्षरशः ओढून गणेशपुरीच्या मागच्या डोंगरावर नेलं. रानवांगीचं झाड शोधायला...

बाबांनी भिवंडीत बावीस वर्षं कापडाचे लूम चालवले. कारखाना बंद झाला, तसे ते गावी येऊन ओटीवर बसले ते बसलेच. कुणाशी बोलणं नाही, कुठे जाणं नाही. आई मला हळूच म्हणायची, "ह्यांना कायतरी कामाला लाव गो. असा मानूस टिकायचा न्हाय."

इकडे आईच्या परसात दरवर्षी वांग्याची रोपं फुलावर आली की एकेक करून माना टाकायची. रेडिओवर ऐकलं, हा रोग मातीतून मुळाला लागतो आणि रानवांगीच्या मुळाला सहसा बाधत नाही. तिच्या रोपावर आपल्या वांग्याचा शेंडा बांधायचा... कलम करायचं.

झाड ओढ्याच्या वरच्या अंगाला सापडलं. दोन पुरुष उंच, काटेरी, वाटाण्याएवढ्या हिरव्या फळांचे घोसच्या घोस. खाली उगवलेली वीस रोपं ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली.

आठ कलमं मी केली. आठही मेली!

नववं करायला बसले. बाबा ओटीवरून बघत होते. उठले, माझ्या हातातलं ब्लेड घेतलं. "खोड चिरडतेस तू. सरक."

चालत्या लूमवर तुटलेला धागा बोटांच्या टोकांनी जोडणारा माणूस तो. रानवांगीचं खोड वरून छाटून मधोमध चिरलं, वांग्याचा शेंडा पाचरीसारखा तासून आत बसवला, वरून सुताचे चार वेढे. बारा रोपं झाली तरी मान वर केली नाही.

मग सावलीत ठेवून, वर प्लास्टिक झाकून दहा दिवस वाट बघणं. सातव्या दिवशी चार कुजली. बाबा परत ओटीवर जाऊन बसले. आता हेही बंद पडलं तर?

दहाव्या दिवशी सकाळी परसातून हाक आली. कित्येक महिन्यांनी माझं नाव घेऊन बाबांनी मारलेली हाक! धावत गेले. एका शेंड्याला नखाएवढं नवं पान फुटलं होतं.

"धरलं गो!" एवढंच म्हणाले. डोळे मात्र भरलेले...

आठ झाडं जगली. पौषात लगडली. शेजारच्या काकूंची सगळी वांगी मेलेली, त्या आमची बघून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी नवी रोपं घेऊन बाबांकडे कलम करून घ्यायला हजर. त्यांच्यामागून आणखी दोन घरं. (सोबतचा झाडांचा फोटो मोबाइलवर काढलाय, धुरकट आहे, चालवून घ्या.)

काल आईचा फोन आला, तक्रारीचा. "ह्यांना जेवायला तीनदा हाक मारावी लागते. वर सांगतात, हातातलं सोडून कसा येऊ?"

आईची एवढी गोड तक्रार मी आजवर ऐकली नव्हती. फोन ठेवल्यावरही ऑफिसात कितीतरी वेळ एकटीच हसत बसले होते...