गादीवरचे कुशाबा

दादरच्या साड्यांच्या दुकानात कुशाबा तेवीस वर्षे गादीवर बसले. दुकान उघडण्यापूर्वीच येऊन ते आपली जागा घेत, पोलिओने वाळलेला डावा पाय मांडीखाली सारत आणि पुढ्यात साड्यांची थप्पी रचत. गिऱ्हाइकांना दिसे तो त्यांचा हात, एका झटक्यात नारायणपेठीचा पदर उलगडणारा. पायाचे नोकरांखेरीज कोणाला ठाऊक नव्हते. मी गावाहून येऊन त्यांच्या शेजारी बसू लागलो, तेव्हा मलाही ते आठवड्याने कळले.

यंदा शरच्चंद्रशेठनी गादी काढून काचेचे काउंटर बसवले. आता सर्वांनी उभे राहायचे होते. कुशाबा गुडघा हाताने दाबत कपाटाकडे निघाले, की बायका म्हणत, "राहू द्या काका, कशाला त्रास," आणि माझ्याकडे वळत. शेठनी महिनाभर पाहिले.

"कुशाबा, एक तारखेपासून माळ्यावर घड्या घालायला बसा. आराम पडेल."

"आराम मी मागितला होता का रे?" कुशाबांनी नंतर मला विचारले.

त्याच आठवड्यात लालबागच्या मालनताई आल्या. घरातल्या प्रत्येक लग्नाची साडी त्यांनी कुशाबांकडूनच घेतलेली. कुशाबा समोर उभे असताना त्यांच्याकडे न पाहताच ताईंनी मला विचारले, "ते गादीवरचे कुठं असतात हल्ली? आहेत ना?"

"आहेत अजून," कुशाबाच म्हणाले.

आवाज ओळखून ताई चपापल्या. मग त्यांची नजर काचेतून खाली, पायाकडे गेली. "अगं बाई, हे कधी झालं?"

"चार वर्षांचा होतो."

"आणि इतक्या वर्षांत बोलला नाहीत?"

"तुम्ही साड्या बघायला येत होतात."

ताईंनी पिशवी काउंटरवर ठेवली. मग शेठना म्हणाल्या, "नातीची साडी मला हेच दाखवतील. आधी यांना खुर्ची द्या."

शेठनी स्वतःची खुर्ची आणली. कुशाबांनी बसून, हात उंच धरून पदर उलगडला. ताईंना काउंटरवर ओणवे होऊन तो पाहावा लागला. साडी मात्र त्यांनी घेतली. "माळ्याचं राहू दे," शेठ म्हणाले, "खुर्ची इथंच ठेवा."

संध्याकाळी कुशाबांनी मला गिऱ्हाइकांच्या बाजूला उभे केले आणि स्वतः खुर्चीत बसले.

"काय दिसतं रे तिकडून?"

वर त्यांचे विरळ केस दिसत होते, मध्ये साड्यांच्या घड्या आणि खाली काचेतून डावा पाय.

"सांग ना."

मी पुन्हा एकदा पाहिले. मग घड्यांतली एक साडी उलगडून काचेवरून खाली सोडली; पाय दिसेनासा झाला.