इंदूअक्कांचा नवरंग

दसऱ्याच्या आठवड्यात सगळी बसवनगुडी घासूनपुसून लख्ख होई आणि आमच्या घरमालकीणबाई इंदूअक्का मात्र परसातला झाडू उचलून कुलपात ठेवत. फणसाची आणि चिकूची पानं घोटाभर साचत, शेजारणी नाकं मुरडत. "परसाला दिवाळीपर्यंत हात लावायचा नाही," असं अक्का कामवालीला कन्नडमध्ये आणि मला मराठीत बजावत. कारण एवढंच की पाचोळ्यात किडे होतात आणि ते खायला, दक्षिणेकडे निघालेला नवरंग पक्षी दरवर्षी एक-दोन दिवस तिथं उतरतो.

नव्वदच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. मी एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होतो आणि अक्कांच्या वरच्या मजल्यावर एकटा राहत होतो. पक्ष्यांचे फोटो काढणं हा माझा छंद म्हणे. खरं तर हट्टच. हातभर लांब लेन्स, तिवई, खाकी टोपी असा सगळा जामानिमा घेऊन रविवारी तळ्यावर जायचं आणि बगळे घेऊन परत यायचं. हिरव्या पाठीचा, निळ्या पंखांचा, शेपटीखाली लालभडक असलेला नवरंग मी फक्त पुस्तकात पाहिला होता.

अक्कांकडे साधा प्लास्टिकचा कॅमेरा होता. त्यांचा एक रोल वर्षभर पुरे, कारण एका माणसाचा एक आणि एका पाखराचा एक, असा त्यांचा हिशेब. "दुसरा काढला म्हणजे हाव सुटली म्हणायची," असं त्या म्हणत आणि माझ्या लेन्सकडे बघून हसत. मला ते हसू आवडत नसे.

एका वर्षी मी पाच दिवस रजा काढून परसात ठाण मांडलं. नवरंग फिरकला नाही.

"तू पहारा देतोस रे, श्रीकांत," अक्का म्हणाल्या. "पोलीस बघून पाव्हणा येतो होय? स्वल्प थांब."

रजा संपली, मी कामावर गेलो. संध्याकाळी फाटक उघडतो तो अक्का पायरीवर उभ्या. "बंदित्तु रे! आला होता! स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, हा इतका जवळ. मी कणीक मळत होते, तशाच हातांनी काढला बघ."

माझा नुसता जळफळाट झाला. पाच दिवस चिलटं मी खाल्ली आणि पक्षी यांना मिळाला, तोही कणीक मळताना!

"रोल संपला नाही अजून, पण मला दम निघत नाही. तू गांधीबाजारला जातोस ना? धुवून आण," असं म्हणून त्यांनी कॅमेराच माझ्या हातात दिला.

वर जाऊन मी दार लावलं, खिडकीशी उभा राहिलो आणि रोल न गुंडाळताच कॅमेऱ्याची पाठ उघडली. चुकून उघडली, असं पुढं स्वतःला सांगून पाहिलं; पण खटका माझ्याच अंगठ्यानं दाबला होता, आणि पट्टी उजेडात पुरती ओढून काढली होती.

दोन दिवसांनी अक्कांना सांगितलं, दुकानात रोल खराब झाला.

"सरी, बरं," त्या म्हणाल्या. आत गेल्या, परत आल्या. "सगळाच?"

"सगळाच."

"त्यात सुशी होती रे."

सुशी म्हणजे त्यांची धाकटी बहीण. श्रावणात हुबळीहून येऊन राहून गेली आणि गणपतीत अचानक वारली. तिला फोटोची भारी चीड. जन्मात पहिल्यांदा अक्कांसाठी उभी राहिली होती, फणसाखाली. हे सगळं मला ठाऊक होतं. खटका दाबताना मला फक्त तो पक्षी दिसत होता.

पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर एका सकाळी अक्कांनी जिन्यातून हळूच हाक मारली, "मेल्लगे बा, मेल्लगे." पाय न वाजवता उतरलो. त्यांनी मला खिडकीशी पुढं केलं आणि स्वतः मागं राहिल्या. मी अख्खा रोल संपवला. त्यातला एक फोटो असा उतरला की अक्कांनी तो चौकटीत घालून दिवाणखान्यात लावला. येईल त्याला सांगत, "आमच्या श्रीकांतनं काढला." त्यांना खरंच माझा अभिमान वाटे. ते मला बघवत नसे. नवरंगापेक्षाही त्यांच्या त्या मोठ्या मनाचा मला हेवा वाटू लागला.

दोन वर्षांनी माझी पुण्याला बदली झाली. सामान टेम्पोत चढलं तेव्हा अक्का ओट्यावर अवरेकाळूच्या शेंगा सोलत होत्या. मी समोर बसलो आणि रोलचं सगळं खरं सांगून टाकलं. अंगठ्यासकट.

त्यांचे हात थांबले. रागावतील असं वाटलं, रडतील असंही वाटलं. त्या उठल्या, भिंतीवरची चौकट काढली, पदरानं काच पुसली आणि माझ्या हातात दिली.

"हा घेऊन जा."

"अक्का, तुम्हाला आवडतो ना हा फोटो?"

"आवडतो की. पण ती जागा आता सुशीची. रिकामीच राहू दे."