न चाललेलं वावर

"पहिले चालून पाहू, मंग बोलू."

भांडण घेऊन कोणीही दारात आलं की आमच्या गावचे म्हातारे कोतवाल एवढंच म्हणायचे आणि पायांत चपला सरकवायचे. दोन्ही हात पाठीमागे बांधून ते पुढे आणि भांडणारे त्यांच्या मागे. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याला सरकारने निवृत्त केलं पण गावाने केलं नाही.

मी त्या गावात पशुधन पर्यवेक्षक होतो. गाव बडनेऱ्यापासून फार लांब नाही. लोक मला डॉक्टर म्हणायचे आणि मीही कधी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. दरवर्षी कापूस-ज्वारी निघाली की अकोल्याकडून मेंढपाळांचा कळप यायचा आणि आमच्या शिवारातून धामणगाव रेल्वेकडे उतरायचा. मेंढ्यांना चारा मिळायचा, वावरांना लेंडीखत. ऐकायला सोपं आहे. पण एकाचा कापूस वेचायचा राहिलेला, दुसऱ्याचा हरभरा घाटे धरत असलेला, आणि मधून जाणाऱ्या मेंढ्यांना सातबारा वाचता येत नाही. आसपासच्या गावांत त्या दिवसांत डोकी फुटायची. आमच्याकडे फुटत नव्हती, कारण कळप शिवेवर यायच्या आधी कोतवाल एकेक वावर पायाखाली घालायचे. कुठून जायचं, कुठे मेंढ्या बसवायच्या, हे मालकाला आणि मेंढपाळाला बांधावर उभं करून तिथल्या तिथे ठरायचं.

एकदा एक शेतकरी काठी घेऊनच आला. मेंढ्यांनी हरभरा खाल्ला, माझ्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणाला.

"मंग मलेबी पाहू दे," कोतवाल म्हणाले.

वावर बरंच लांब होतं. वाटेत ते भांडणाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. पोरीचं जमलं का, गाय गाभण राहिली का, असं विचारत राहिले. शेतकऱ्याचा अर्धा राग घामावाटेच गेला. हरभऱ्यात पाहतो तर रोह्यांचे, म्हणजे नीलगायींचे, खूर उमटलेले, लेंड्याही रोह्यांच्याच. कोतवालांनी त्याची काठी मागून घेतली, ती टेकत बांधावर बसले आणि म्हणाले, "रोह्याले बोलाव. त्याच्याशी समजोता करू." पुढे तो शेतकरी स्वतःच ही गोष्ट रंगवून सांगायचा.

मला मात्र त्यांच्या या चालण्याचा कंटाळा यायचा. मोटारसायकलवर मागे बसा म्हटलं तर बसत नसत. "गाडीवरून वावर दिसते, कळत नाही," म्हणायचे. मी मनात हसायचो.

मग ते वर्ष आलं. जानेवारी सरता सरता गारपीट झाली. उघड्यावरची कोकरं गारांनी मेली, वाटेतला वाळला चारा भिजून कुजला, आणि उपाशी कळप नेहमीपेक्षा आधीच शिवेवर येऊन थांबला. थंडी तर गायबच झाली होती. कळपाचा म्होरक्या गोविंदा दोन वेळा येऊन कोतवालांना विचारून गेला, "बाबाजी, कवा येऊ?"

तिसऱ्या वेळी दोघं मिळून माझ्या दवाखान्यात आले. कोतवालांचे गुडघे टम्म सुजले होते. "बैलाचं मलम द्या, माणसाचं लागू पडून नाही राहिलं," म्हणाले. सगळी वावरं चालून झाली होती, नाल्यापलीकडचं एकच राहिलं होतं. मालक अमरावतीला राहायचा. मी म्हणालो, "बाबाजी, एका वावरासाठी कशाला पाय तोडता? फोन लावा ना."

ते घुटमळले. गोविंदाकडे पाहिलं, गुडघ्याकडे पाहिलं. शेवटी मीच त्यांच्या फोनवरून नंबर लावून दिला. मालक म्हणाला, ज्वारी कधीच निघाली, वावर रिकामं आहे, खुशाल बसवा. तो खोटं बोलत नव्हता. गारपिटीनंतर तो वावरात आलाच नव्हता, एवढंच. आपण फार शहाणपणाचं काम केलं असं मला वाटलं.

वावर रिकामं नव्हतं. अवकाळी पावसाने ज्वारीचे कापलेले खुंट पुन्हा फुटले होते आणि मागून आलेल्या उन्हाने ते कोवळे पोंगे खुरटून गेले होते. असे पोंगे जनावराने खाल्ले की काही मिनिटांत ते आडवं होतं. त्याला किराळ लागणं म्हणतात. पूर्वी त्या दिवसांत खुंट कोरडे ठणठणीत असायचे, म्हणून ना मालकाच्या ध्यानी आलं ना गोविंदाच्या. पण मी तर हे शिकलो होतो. माझ्या ध्यानी यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोचलो तेव्हा मेंढ्या पडून पाय झाडत होत्या. पेटीतली इंजेक्शनं संपेपर्यंत टोचली. थोड्या वाचल्या. बायका मेलेल्या मेंढ्यांच्या तोंडाचा फेस पदराने पुसत होत्या. तरण्या मेंढपाळांनी काठ्या उचलल्या. "गाववाल्यानं औषध टाकलं," ते म्हणत होते. गावातली पोरंही ट्रॅक्टर भरून आली. मी दोन्हीकडे हात करून किराळ समजावत होतो.

"तुमी गावचे. तुमी गावाचंच बोलसान," एक जण मला म्हणाला. तेवढ्यात कुठून तरी दगड आला आणि मेंढपाळांच्या एका बाईचं कपाळ फुटलं.

कोतवाल लंगडत दोन्ही जमावांच्या मध्ये गेले आणि मेलेल्या मेंढ्यांत खाली बसले.

"औषध नाही टाकलं कोनं. ज्वारीचे पोंगे आहेत. हे वावर मी पाह्यलं नाही, न पाहताच बसा म्हटलं. मारायचं तं मले मारा."

कोणी मारलं नाही. गोविंदाने माझ्याकडे पाहिलं. फोनची अक्कल कोणाची, हे त्याला ठाऊक होतं. मी मान खाली घालून पेटी आवरत राहिलो. मी भ्यालो होतो, दुसरं काही कारण नाही. गोविंदानेही माझं नाव घेतलं नाही. दिवस मावळायच्या आत कळप उठला आणि शिवार सोडून गेला.

नंतर मी कोतवालांना विचारलं, माझं नाव का नाही सांगितलं?

"तुमचं नाव सांगून काय होते? गावाले डॉक्टर पाहिजे," ते म्हणाले. "अन् पाय तं माह्येच होते."

पुढच्या वर्षी कळप हमरस्त्याने गेला. ट्रकखाली मेंढ्या आल्या, पुढच्या एका गावात मारामारी होऊन गोविंदाच्या भावाचा हात मोडला. कोतवाल त्यांच्या तळावर पायी गेले. कोणी त्यांच्याशी बोललं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा गेले, तेव्हा पाणी मिळालं. तिसऱ्या वर्षी गोविंदा म्हणाला, "येतो बाबाजी. पन सारी वावरं तुमी सोता चालसान तवाच."

त्या वर्षी फेब्रुवारीतच ऊन असं तापलं की दुपारी बांधावर पाय ठेववत नव्हता. कोतवाल रोज एकटेच निघायचे. मी सोबत येतो म्हणालो, तर म्हणाले, "तुमचा दवाखाना पाहा." रागाने म्हणाले नाहीत. पण मला ते लागलं, अजून लागतं. चौथ्या दिवशी ते एका बांधाला टेकून बसलेले सापडले. अंग भाजत होतं. अमरावतीला नेईपर्यंत संपले.

विहारासमोर शेवटची वंदना झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी कळप शिवेवर आला. गोविंदाला काही माहीत नव्हतं. कळल्यावर त्याने डोक्याचं फडकं काढलं. मग त्याने विचारलं, "कोनती वावरं पाहून झाली होती?"

गावातल्या कोणालाच ते ठाऊक नव्हतं. त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, आम्ही विचारलं नव्हतं.

"मी चालतो," मी म्हणालो. "आजच्या आज सगळी पाहतो."

"राहू द्या साहेब," गोविंदा म्हणाला. त्याच्या आवाजात चीड नव्हती. त्याने कळप वळवला आणि मेंढ्या हमरस्त्याला लागल्या.

मी तरीही चाललो. सूर्य कलेपर्यंत शिवारातलं एकेक वावर पायाखाली घातलं, खुंट वाकून वाकून पाहिले. कुठेच काही फुटलेलं नव्हतं, सगळी वावरं कोरडी होती. मी शिवेवर आलो, तेव्हा हे सांगायला तिथे कोणी नव्हतं.