ऑफ सीझनचा कोट
डांबरगोळ्यांचा वास आला की विश्रामबागेतलं ते ट्रॅव्हल ऑफिस आठवतं. नवीन लग्न झालेलं, आम्ही दोघं परदेशातल्या बर्फाचे फोटो बघत बसलो होतो. "जानेवारीत तिकडं ऑफ सीझन, गर्दी नसते," तिथल्या बाई म्हणाल्या. मी त्याच दिवशी लाल लोकरी कोट घेतला. आष्ट्याला घरी सांगितलं, तर सासरे शांतपणे म्हणाले, "पोरी, तिकडं नसंल, पर हितं सीझन हाय. जानेवारीत आपल्या उसाला तोड येती. कारखाना थांबतोय व्हय?" मी नवऱ्याकडं बघितलं. तो खाली मान घालून बुटाचा चिखल खरवडत राहिला, मग म्हणाला, "पुढच्या वर्षी जाऊ." दर जानेवारीला तोड आली. "पुढच्या वर्षी" म्हणणंही त्यानं केव्हाच सोडलं. आज थंडी फार होती, म्हणून डांबरगोळ्यांत ठेवलेला तो कोट काढून पहिल्यांदा अंगात घातला आणि तोडकऱ्यांच्या चहाची किटली घेऊन उसाच्या फडाकडं निघाले.