अक्का रिक्षानं का गेली

माझी अक्का जन्मात माझ्याशी एकदाच खोटं बोलली.

आज तिला जाऊन वर्ष झालं.
ते खोटं मला आज सकाळी कळलं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लग्न केलं नाही. पतसंस्थेत नोकरी, आणि राहायला गडमुडशिंगीत आमच्याच घरी.

दारातली जुनी लाल गाडी तिची. ऑइल, ब्रेक पॅड, टायर, सगळं स्वतः करायची. गॅरेजवाले तिच्या गाडीबद्दल माझ्याशी बोलायचे, त्या रागानं शिकली.

किमोनंतर तिची बोटं बधिर झाली. चाकाचे नट सुटेनात. तेव्हा आम्ही दोघं इम्पॅक्ट रेंच, म्हणजे ठोके देऊन नट सोडवणारं मशीन, घ्यायला गेलो.

दुकानदारानं सगळ्यात मोठं मशीन उचलून माझ्यापुढं ठेवलं.
"साहेब, ट्रकचे नट बी निघतील ह्यानं."

"ट्रक कुणाकडं हाय, पावणं?" अक्का म्हणाली. "माझी लहान गाडी हाय. एवढ्या ताकदीनं बोल्टच मोडायचा. बॅटरीवरचं मधलं दाखवा, स्पीड कमी-जास्त हुणारं."

एकेक मशीन हात लांब करून धरून बघितलं. ज्यानं हात थरथरला नाही ते घेतलं. नटावर बसवायचे सॉकेट मात्र चकचकीत नकोत म्हणाली, जाड काळेच हवेत. ठोक्यांनी बाकीचे तडकतात.

घरी आल्यावर मला बजावलं,
"हे फक्त काढायला. आवळायचं ते हातानं, लांब पान्यानं. मशीननं आवळलं की कमी झालं का जास्त, कळत न्हाय."

मग रविवारी सकाळी अंगणात टर्रर्र, टर्रर्र.
माझी बायको वैशाली दारातनं ओरडायची, "वन्सं, चहा गार झाला की."
"ठेव तिथंच."

त्या शेवटच्या रविवारी तिनं टायर सारखे झिजावेत म्हणून पुढचे मागं आणि मागचे पुढं घातले. एकटीनं.

दोन दिवसांनी तिला दम लागला. डॉक्टर म्हणाले, लगेच घेऊन या.

मी गाडीची किल्ली मागितली.

"बॅटरी उतरलीया," अक्का म्हणाली. "रिक्षा बोलाव."

"शेजारच्यांच्या गाडीवरनं स्टार्ट करतो की."

"रिक्षा बोलाव म्हटलं न्हवं?"

रिक्षात वैशालीनं तिला दोन्ही हातांनी धरलेलं. प्रत्येक स्पीडब्रेकरला अक्का डोळे मिटायची. मी मनातल्या मनात चिडलेलो. ह्या अवस्थेत कसला हट्ट.

अक्का परत आली नाही.
किल्ली नर्सनं आणून दिली. मुठीत होती म्हणाली.

मी गाडीवर कव्हर घातलं. त्यानंतर हात लावला नाही.

काल वैशाली म्हणाली, "वर्ष होतंय. वन्संना अशी झाकलेली गाडी बघवली नसती."

चारही टायर बसले होते. काढून पंक्चरवाल्याकडं न्यायचे म्हणून अक्काचं मशीन चार्ज केलं. आज सकाळी जॅक लावला.

पहिलं चाक. टर्रर्र.
अक्कानं आवळलेले नट. सहजासहजी सुटेनात.
दुसरं तसंच. तिसरं तसंच.

चौथं, उजवीकडचं मागचं. बटण दाबलं.
टर्रर्र आवाज आलाच नाही.

हे मशीन नट घट्ट असला तरच ठोके देतं. सैल असला की नुसतं गरकन फिरतं.

एक नट निघाला. दुसरा निघाला. चारही निघाले. नुसते बोटांनी लावलेले.

चाकामागं जमिनीवर तिचा लांब दांड्याचा पाना पडलेला. पार गंजून गेलेला.

मी वैशालीला हाक मारली.

वैशालीनं पाना बघितला. मग चाक बघितलं.
"म्हणून किल्ली देत नव्हत्या," म्हणाली.

चौथं चाक आवळायची ताकद हातात उरली नव्हती. एवढंच तिला आम्हाला सांगायचं नव्हतं. आणि त्या गाडीत आम्हाला बसूही द्यायचं नव्हतं.

दुपारी टायर भरून आणले. चारही चाकं हातानं आवळली. पुन्हा आवळली. अजून समाधान होत नाही. हा मजकूर लिहितानाही दोनदा उठून बघून आलो.

त्या रविवारी मी आत टीव्हीपुढं होतो, अक्का. खिडकी उघडी होती. अंगणातला पान्याचा आवाज थांबला तो मी ऐकला होता. मला वाटलं, तुझं काम झालं.

एक हाक मारायची होतीस.

आता दमू नकोस. जिथं असशील तिथं सुखानं राहा.
तुझ्या धाकट्याचा, वाकून नमस्कार.