जेनेरोजचे गुरुवार

दर वर्गाच्या चौथ्या गुरुवारी जेनेरोज घेवडा लवकर चुलीवर ठेवायची. दहा वाजले की एप्रन सोडून खुंटीला अडकवायची, ओले हात पुसायची आणि शाळेच्या मोठ्या खोलीत जाऊन आपल्या नवऱ्याच्या मरणाची गोष्ट सांगायची.

आमची शाळा गितेगा शहराबाहेरच्या टेकडीवर आहे. दूरदेशी धर्मसेवेला जाण्याआधी माणसं इथं तीन महिने राहतात आणि मनाच्या जखमा कशा भरून काढाव्यात, वैऱ्यांना एका जागी कसं बसवावं, ते शिकतात. वर्षाला असे तीन वर्ग होतात. जेनेरोज तिथली स्वयंपाकीण. ती आमच्या किरुंदी भाषेत बोलायची आणि मी शेजारी उभी राहून फ्रेंचमध्ये सांगायची. दुभाष्यानं 'मी' म्हणायचं असतं. त्यामुळं सहा वर्षं मीच म्हणत आले : माझा नवरा तार्सिस दार उघडायला उठला, मी मुलीला घेऊन मागच्या बाजूनं पळाले, केळीत लपून मी सगळं ऐकलं.

तिचं झालं की मेल्कियाद उठायचा. तो शाळेचा माळी, आणि टेकडीवर तिचा सगळ्यात जवळचा शेजारी. त्र्याण्णव सालच्या कत्तलीत टोळी घेऊन तिच्या दाराशी आला तोही तोच. त्यानंच बाहेरून हाक मारली आणि आवाज ओळखीचा म्हणून तार्सिसनं कडी काढली. नऊ वर्षं तुरुंगात काढून, तिथंच प्रभूच्या नावानं दारू सोडून तो परत आला होता. दर वेळी तो खाली बघत त्याच वाक्यांत क्षमा मागायचा, ती त्याच वाक्यात द्यायची. मग फँटाची एक बाटली यायची आणि दोन स्ट्रॉ. आमच्याकडे पेय आणणाऱ्यानं पहिला घोट स्वतः घ्यायचा असतो, त्यात काही कालवलेलं नाही हे दिसावं म्हणून. बंद बाटलीला त्याची गरज नसते. सगळ्यांसमोर बूच उडायचं, दोघं वाकायची, आणि वर्गातली निम्मी माणसं रडू लागायची.

दहा वर्षं हे चाललं होतं. एरवी ती दोघं एकमेकांशी बोलत नसत. मेल्कियाद भाजीची टोपली स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवून निघून जायचा. ती तो गेल्यावर उचलायची. घरी जाताना वाटेत त्याचंच अंगण लागायचं, पण तिथं ती कधी पाणी प्यायला थांबली नाही.

या वर्षीच्या पहिल्या वर्गाला गोष्ट सांगताना ती मध्येच थांबली. 'त्याच्या अंगात निळा स्वेटर होता,' इथं. मला वाटलं, रडू आलं असेल. मी वाट पाहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुढं गेली.

दुपारी भांडी घासताना तिनं विचारलं, "पोरी, तो स्वेटर निळा आहे हे तुला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच ना, मावशी."

"मी नुसतं स्वेटर म्हणायचे. निळा तू घातलास त्याला. पहिल्याच वर्षी."

ते खरं होतं. मी तेव्हा नवी होते, आणि नुसता स्वेटर मला उघडा वाटला होता.

"मला थोडंफार फ्रेंच कळायला लागलं," ती म्हणाली, "आणि मीही निळा म्हणायला लागले. आता डोळे मिटले की निळाच दिसतो. खरा कोणता होता, आठवत नाही. चेहराही आठवत नाही धड. खोलीतली माणसं दिसतात, नाकं शिंकरणारी."

ती पातेल्याचा तळ घासत राहिली. तळ केव्हाच स्वच्छ झाला होता.

दुसऱ्या दिवशी ती पास्टर ओनेस्फोरकडे गेली. मी तिथंच टंकत बसले होते.

"पास्टर, माझं आता पुरे झालं."

"ताई, प्रेषित पुरे म्हणाले असते तर आपण आज कुठं असतो?"

"प्रेषितांना साठ माणसांचा घेवडा शिजवायचा नव्हता."

पास्टर हसले, मग चष्मा काढून डोळे चोळू लागले. वाईट माणूस नव्हता तो. तोही थकलेलाच होता. "तू नसलीस तर मी वर्गातल्या माणसांना काय दाखवू? पुस्तकातलं सगळं ती वाचून येतात. तेवढा पुढचा वर्ग होऊ दे."

"पुढच्या वर्गानंतर त्याच्या पुढचा असतो," ती म्हणाली आणि उठून गेली.

त्या आठवड्यात मेल्कियाद माठाची पानं घेऊन आला तेव्हा ती उंबऱ्याशीच बसली होती. तो टोपली घेऊन तसाच उभा राहिला.

"तुला एक विचारायचंय," ती म्हणाली. "गुरुवारचं नाही. त्या दिवशी तार्सिसच्या अंगात काय होतं?"

त्यानं टोपली तिच्यापुढं ठेवली. "स्वेटर होता. मातकट. डाव्या कोपराला ठिगळ होतं, काळ्या दोऱ्यानं शिवलेलं."

"पांढरा दोरा संपला होता," जेनेरोज म्हणाली. मग पानं निवडायला घेतली आणि हातातली जुडी तशीच मांडीवर राहिली.

तो निघाला तेव्हा ती म्हणाली, "त्याचा शोक उतरवायचाय मला. मडकं जवळच्या शेजाऱ्यानं आणायचं असतं."

शोक उतरवणं आमच्याकडे मेल्यावर वर्षभरात होतं. अंगणात माणसं जमतात, केळ्यांच्या दारूचं मडकं मध्ये येतं, सगळे आपापल्या बोरूच्या नळीनं त्यातून पितात, मेलेल्याबद्दल एकदा शेवटचं बोललं जातं. आमच्या टेकडीवर त्यानंतर त्या मरणाबद्दल घरच्यांना चारचौघांत कोणी काही विचारत नाही. पण त्या कत्तलीनंतर टेकडीवर कोणाचाच शोक उतरला नव्हता. तार्सिसला तर इतरांबरोबर एकाच खड्ड्यात पुरलं होतं.

पास्टरांना कळलं तेव्हा ते स्वयंपाकघरात आले.

"दारू असणार."

"असणार."

"ती एक गोष्ट झाली. पण ताई, एकदा शोक उतरला की मी तुला उभी राहा म्हणू शकणार नाही. मीही याच टेकडीवरचा आहे."

"म्हणूनच तर," ती म्हणाली.

पास्टरांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. नको म्हणाले नाहीत.

ठरलेल्या शनिवारी दुपारी जेनेरोजच्या अंगणात पंधरा-वीस माणसं होती. तार्सिसचे काका ग्रेग्वार, गुडघे धरून बाकावर बसलेले. जेनेरोजची मुलगी, पाठीशी तान्हं बांधलेली. मेल्कियाद डोक्यावर मडकं घेऊन आला. ते खाली ठेवलं, तोंडावरचं केळीचं पान काढलं आणि हातात बोरूची नळी घेऊन उभा राहिला. सगळे त्याच्या पहिल्या घोटाची वाट पाहत होते.

तो तसाच उभा.

"चाख की," ग्रेग्वारकाका म्हणाले.

"मी सोडली आहे, काका."

"तू काय काय सोडलंस ते सगळ्या टेकडीला माहीत आहे. चाख."

"शपथ घेतली होती. तुरुंगात."

"मग बायकोला पाठवायचंस."

"ती म्हणत होती. मला वाटलं, मीच आणावं."

काकांनी आपली नळी हळूच बाकावर ठेवून दिली. मग शेजारच्यानं ठेवली. मागं कोणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "फँटा मागवा यांच्यासाठी," आणि कोणी हसलं नाही. मेल्कियादनं नळी मडक्यात घातली, पण त्याचं तोंड खाली जाईना. माणसं उठू लागली असती तर शोक तसाच राहिला असता, गुरुवार तसेच राहिले असते. मी जेनेरोजकडे पाहिलं. ती चटईवर बसली होती, दिवसभर उभं राहिल्यावर बसते तशी.

मग हात टेकून ती उठली. मडक्यापाशी आली आणि त्याच्या हातातून नळी घेतली.

"आई," मुलगी म्हणाली.

जेनेरोज वाकली. एक घोट घेतला, थांबली, मग लांब ओढून प्यायली. सगळं अंगण तिच्या गळ्याकडे बघत होतं.

"आंबट झाली," ती म्हणाली. "केळी पिकायला खड्ड्यात दोन दिवस जास्त ठेवलीस."

"पाऊस होता," मेल्कियाद म्हणाला.

ती परत चटईवर टेकली. "बस खाली. मान दुखते माझी वर बघून."

तो चटईच्या कडेला बसला. तिनं नळी त्याला परत दिली नाही. नुसती मडक्यातच राहू दिली, दोघांच्या मध्ये. काही वेळानं काकांनी बाकावरची आपली नळी उचलली आणि शर्टाला पुसली.

काकांचं तार्सिसबद्दल बोलून झाल्यावर जेनेरोज एवढंच म्हणाली, "त्या दिवशी त्याच्या अंगात मातकट स्वेटर होता. कोपराला ठिगळ होतं, माझ्या हातचं." तिनं पुढं काही सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही. मला ते कोणाला दुसऱ्या भाषेत सांगायचं नव्हतं. मी नुसती ऐकत होते.

पुढच्या वर्गाच्या चौथ्या गुरुवारी पास्टरांनी पुस्तकातला उतारा वाचला. वर्गात दोघं पेंगले. दहा वाजता मी स्वयंपाकघरात गेले, तर जेनेरोजचा हात सवयीनं एप्रनच्या गाठीकडे गेलेला. तिनं हात मागं घेऊन डाव उचलला, घेवडा ढवळला आणि स्टुलावर बसली. तिचे पाय सुजले होते.

दारात मेल्कियाद आला. टोपली ठेवायला वाकला.

"उंबऱ्यावर नको," ती न वळता म्हणाली. "मुंग्या लागतात. आत ठेव."